कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट २०२४ मध्ये लागलेल्या आगीनंतर या नाट्यगृहाबद्दल विचारणा फार वाढली. बाहेरगावची नाटकवेडी मंडळी विचारतात, संगीत नाटकावर प्रकल्प करणारे विद्यार्थी विचारतात, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात इथल्या रंगमंचावर उभी राहिलेली, आता पुण्या-मुंबईत किंवा परदेशात असलेली कोल्हापूरकर माणसंही विचारतात. पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

हे नाट्यगृह नेमकं कुठे आहे?

कोल्हापूर शहराच्या मध्यवस्तीत, खासबाग कुस्ती मैदानाला लागून. अंबाबाईचं देऊळ आणि भवानी मंडपापासून चालत जाता येतं. रिक्षावाल्याला ‘खासबाग’ एवढंच सांगितलं तरी पुरतं. नाट्यगृह कोल्हापूर महानगरपालिकेच्या ताब्यात आहे.

ते कोणी बांधलं आणि कधी? काही ठिकाणी १९१३ लिहिलेलं असतं, काही ठिकाणी १९१५.

राजर्षी शाहू छत्रपतींनी. दोन्ही वर्षं बरोबर आहेत. ९ ऑक्टोबर १९१३ रोजी कामाला सुरुवात झाली आणि १४ ऑक्टोबर १९१५ रोजी ते पूर्ण झालं. बांधकाम चालू असतानाच पहिलं महायुद्ध पेटलं होतं, हे ध्यानात घेतलं तर दोन वर्षांत एवढं दगडी काम उभं राहिलं याचं नवल वाटतं.

त्या काळी बहुतेक नाटक कंपन्यांचे प्रयोग कनाती लावून घातलेल्या मांडवात, नाहीतर वाड्याच्या चौकात होत. पाऊस आला की प्रयोग गेला. कोल्हापूरसारख्या संस्थानात, मुंबई-पुण्यापासून इतक्या लांब, खास नाटकासाठी पक्कं दगडी घर बांधायचं हा निर्णय म्हणूनच मोठा होता. कोल्हापूरला १८९१ पासून रेल्वे होती. मिरजेवरून गाडीने कंपनीचं सगळं बिऱ्हाड यायचं: पेट्या, पडदे, आचारी, बालनट आणि ऑर्गन.

कुस्तीच्या मैदानाला खेटून नाट्यगृह, हा योगायोग आहे का?

नाही, आणि आमच्या मते या वास्तूबद्दल विचारण्यासारखा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

१९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी शाहू महाराज विलायतेला गेले. या प्रवासात त्यांनी रोममधलं कलोसियम पाहिलं. हजारो माणसं गोलाकार बसलेली, प्रत्येकाला मधलं रिंगण दिसतंय, ही कल्पना त्यांनी मनात धरून आणली आणि खासबागचं मैदान उभं राहिलं. ते १९१२ मध्ये पूर्ण झालं. मधे लाल मातीचा हौदा, भोवती चढत जाणारी बैठक. अगदी मागे बसलेल्यालाही पैलवानाचा डाव दिसतो.

मैदान पुरं झालं आणि लगेच पुढच्या वर्षी त्याच आवारात नाट्यगृहाचं काम सुरू झालं. महाराज स्वतः कुस्तीचे शौकीन, तालमींचे आश्रयदाते. गाण्याच्या बाबतीतही त्यांचं तसंच होतं. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब त्यांच्या दरबारी होते. एका बाजूला शड्डू, दुसऱ्या बाजूला नांदी. पैलवान आणि गवई यांना एकाच अंगणात जागा देणारा हा राजा होता, आणि मैदानात येणारा शेतकरी, तालमीतला पोरगा, पेठेतला कारागीर यांना नाटकाचं घरही आपलंच वाटावं अशी ती जागा होती. विलायतेतल्या त्याच मुक्कामात, २६ जुलै १९०२ रोजी, त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा काढला. १९१९ मध्ये सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, सरकारी इमारती इथे अस्पृश्यता पाळू नये असा हुकूम काढला. नाट्यगृहाची गोष्ट या हुकुमांपासून वेगळी काढून सांगितली की ती नुसती एका हौशी राजाची गोष्ट उरते. ती तशी सांगू नये, असं आम्हांला मनापासून वाटतं.

‘पॅलेस थिएटर’ म्हणजे हेच का?

हो. बांधलं तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर. १९५७ मध्ये त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. जुन्या पेठांतली वयस्कर माणसं अजूनही बोलण्याच्या ओघात ‘पॅलेस थेटर’ म्हणून जातात.

केशवराव भोसले कोण होते?

कोल्हापुरात ९ ऑगस्ट १८९० रोजी जन्मलेला गायक नट. वडिलांचं छत्र लवकर गेलं, घरची गरिबी, म्हणून अगदी लहानपणीच स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाले. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ नाटकात शारदेचं काम या पोराने असं केलं की कंपनीचं नाव गावोगाव झालं. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिल्या जाणाऱ्या मुलीचं दुःख एक लहान मुलगा गाऊन दाखवतो आणि समोर बसलेले बाप्ये डोळे पुसतात, ही त्या आवाजाची ताकद.

१ जानेवारी १९०८ रोजी, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी हुबळीत ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची नाटक मंडळी काढली. ना पाठीशी घराणं, ना भांडवल. तेव्हाच्या नामांकित कंपन्यांचे मालक-चालक बहुतेक ब्राह्मण समाजातले होते. अशा काळात मराठा घरातल्या, फारसं शाळेत न गेलेल्या तरुणाने कंपनी काढली आणि पहिल्या पंक्तीत नेऊन बसवली. रामकृष्णबुवा वझे यांच्याकडून गाण्याची तालीम घेतली. वीर वामनराव जोशी यांच्या ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ नाटकातली त्यांची मृणालिनी गाजली. पुढे मामा वरेरकरांची ‘हाच मुलाचा बाप’ आणि ‘संन्याशाचा संसार’ ही नाटकं त्यांनी रंगमंचावर आणली. पहिल्यात हुंड्याचा प्रश्न होता. पौराणिक कथांवर पोसलेल्या प्रेक्षकांपुढे घरातला चालू प्रश्न मांडायचा आणि त्यासाठी कंपनीचा पैसा घालायचा, याला गळ्याच्या तयारीइतकीच हिंमत लागते.

४ ऑक्टोबर १९२१ रोजी विषमज्वराने ते गेले. वय अवघं एकतीस. त्यांच्यामागे बापूराव पेंढारकरांनी आणि पुढे भालचंद्र पेंढारकरांनी ललितकलादर्श चालवली.

‘संयुक्त मानापमान’चा प्रयोग याच रंगमंचावर झाला होता ना?

नाही. तो ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालीवाला थिएटरमध्ये झाला. केशवरावांच्या नावामुळे पुष्कळांची गल्लत होते.

टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’ हे संगीत नाटक करायला ललितकलादर्श आणि बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या. केशवराव नायक धैर्यधर, बालगंधर्व नायिका भामिनी. मराठी संगीत रंगभूमीचे दोन आवाज समोरासमोर. त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत तोच केशवराव गेले, म्हणून त्या रात्रीचं मोल आणखी वाढलं. कोल्हापूरशी धागा हवाच असेल तर तो वेगळा आहे: ‘मानापमान’ला चाली देणारे गोविंदराव टेंबे कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे. हार्मोनियमवरचा त्यांचा हात कोल्हापूरच्या मैफलींतच तयार झाला.

मग केशवराव आणि खासबाग यांचा थेट संबंध काय?

कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी आठवण अशी: केशवरावांच्या नाटकाला थिएटरात जागा पुरेना, तिकीट न परवडणारी माणसं बाहेर राहत, तेव्हा महाराजांनी ‘मृच्छकटिक’चा प्रयोग शेजारच्या खासबाग मैदानात, उघड्यावर करायला लावला. ध्वनिक्षेपक नव्हता. हजारोंच्या समोर, मोकळ्या आभाळाखाली, निव्वळ छातीच्या जोरावर गायचं होतं, आणि केशवरावांनी ते निभावलं. मैदान आणि थिएटर शेजारी असल्याचा याहून चांगला उपयोग आम्हांला ठाऊक नाही.

बालगंधर्वांचा या शहराशी काही संबंध?

मोठा. नारायण राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, या मुलाचं गाणं शाहू महाराजांच्या कानावर आलं. त्याच्या कानाला दुखणं होतं, तर महाराजांनी त्याला उपचारासाठी मिरजेला पाठवलं. त्यांच्याच शब्दामुळे किर्लोस्कर नाटक मंडळीचं दार उघडलं आणि १९०५ मध्ये मिरजेत त्याने शकुंतला उभी केली. महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा आणि बालगंधर्वांचा २६ जून १८८८ चा, ही तारीख जुळल्याचं कोल्हापूरकर कौतुकाने सांगतात.

त्या काळी प्रयोग कसा व्हायचा?

रात्री जेवणं उरकून लोक यायचे आणि पहाटेपर्यंत बसायचे. नारळ फुटायचा, धूप फिरायचा, तिसऱ्या घंटेला पडदा वर जायचा आणि सगळी मंडळी हात जोडून नांदी म्हणायची. खाली ऑर्गन, तबला, सारंगी. पद रंगलं की ‘वन्स मोअर’, मग तेच पद पुन्हा, नव्या जागा घेऊन. कथा तिथेच थांबायची आणि कोणाची तक्रार नसायची.

ध्वनिवर्धक नव्हते हे लक्षात ठेवा. म्हणून नटाचा आवाज जितका महत्त्वाचा तितकीच इमारत. दगडी भिंत आवाज परतवते, पण नुसता दगड असता तर शब्द घुमून एकमेकांत मिसळले असते. लाकडी छत, लाकडी जमीन, जाड पडदे आणि खच्चून भरलेली माणसं यांनी तो आवाज थोडा पिऊन टाकला की उरतं ते नेमकं: तान गोल ऐकू येते आणि तरी शब्द अस्पष्ट होत नाही. बोलण्याला घुमारा कमी लागतो, गाण्याला जरा जास्त. संगीत नाटकाच्या थिएटरला दोन्ही सांभाळावं लागतं. हल्लीच्या बहुउद्देशीय सभागृहांत याचीच वानवा असते.

पडदे कोण रंगवायचं?

कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे नात्यातले भाऊ यात अव्वल. नाटक कंपन्यांसाठी त्यांनी रंगवलेले पडदे असे की रस्ता खरोखर आत जातोय असं वाटायचं, रेशमी पडद्याची चुणी हाताने सारखी करावीशी वाटायची. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूराव म्हणजेच बाबूराव पेंटर. त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींतूनच १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी निघाली. व्ही. शांताराम तर त्याआधी पोरवयात गंधर्व नाटक मंडळीत होते. कोल्हापूरला मराठी सिनेमाचं माहेरघर म्हणतात, पण त्या माहेराची पायाभरणी नाटकाच्या रंगपटात, म्हणजे नटांच्या तयारीच्या खोलीत, आणि पडदे रंगवायच्या माळ्यावर झाली, हे सांगायचं राहून जातं.

आगीत नेमकं काय झालं?

गुरुवार, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली. रंगमंच, छत, खुर्च्या, प्रकाश आणि ध्वनीची यंत्रणा, सगळं जळालं. शेजारच्या खासबाग मैदानातला रंगमंचही वाचला नाही. दगडी भिंती आणि दर्शनी भाग उभा राहिला. सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, म्हणजे केशवरावांची जयंती. जयंतीला हार घालायला यायची ती माणसं जळक्या वासात, ओल्या राखेत उभी होती. त्यांत नट होते, बॅकस्टेजची पोरं होती, नाटकाशी ज्यांचा प्रेक्षक म्हणूनच संबंध होता अशी माणसं होती. अनेकजण उघडपणे रडले.

जुनी थिएटरं इतकी लवकर का पेटतात?

रंगमंचाच्या वर उंच पोकळी असते. पडदे, झालरी, दिव्यांचे बार तिथे टांगलेले असतात. आग लागली की ही पोकळी धुराड्यासारखी ओढ धरते आणि ज्वाळा काही मिनिटांत छताला भिडतात. त्यात वाळलेलं लाकूड, कापड, नेपथ्याच्या रंगवलेल्या चौकटी (फ्लॅट), फोम भरलेल्या खुर्च्या, आणि विंगेत वर्षानुवर्षं एकावर एक वाढत गेलेली वायरिंग.

जगभरच्या थिएटरांनी यावर काढलेले उपाय आता नवे राहिलेले नाहीत. रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये क्षणात खाली येणारा अग्निरोधक पडदा, रंगमंचावर आपोआप सुटणारे पाण्याचे फवारे, वरचा धूर बाहेर काढणारी झरोक्यांची सोय, कापडाला आग न धरणारं रसायन. शिवाय प्रयोग संपल्यावर मुख्य स्विच बंद झाला का हे पाहणारा एक माणूस, त्याच्या सहीच्या वहीसह. ही शेवटची गोष्ट सर्वांत स्वस्त, आणि कुठल्याही थिएटरात सर्वांत आधी तीच सुटते.

पुनर्बांधणीचं काय?

आग लागल्यावर काही दिवसांतच राज्य सरकारने निधी जाहीर केला. ‘होतं तसंच उभं करा’ ही कोल्हापूरकरांची मागणी मान्य झाली आणि महापालिकेमार्फत काम हाती घेण्यात आलं.

‘होतं तसंच’ म्हणजे काय? काय जपलं पाहिजे?

इथे आमचं मत स्पष्ट सांगतो. दर्शनी कमानी आणि दगड जपले म्हणजे वारसा जपला, असं समजलं जाण्याची भीती वाटते. बाहेरून जुनं दिसणारं आणि आत पत्र्याचं छत, जिप्समचे तक्ते, घरघरणारी वातानुकूलन यंत्रणा असलेलं सभागृह म्हणजे पॅलेस थिएटर नव्हे. आतला आवाज परत आला पाहिजे. त्यासाठी ध्वनिशास्त्र जाणणारा माणूस छताच्या आणि भिंतींच्या प्रत्येक निर्णयात हवा, काम संपल्यावर मत द्यायला बोलावलेला नको. कसोटी सोपी आहे: माइक बंद करून एका गायिकेने रंगमंचाच्या मध्यावर उभं राहून नांदी म्हणावी आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाने शब्द सांगावेत.

दुसरं भाडं. हे थिएटर जिवंत होतं ते मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नाटकांमुळे जितकं, तितकंच राज्य नाट्य स्पर्धेला दिवसभर नोकरी करून रात्री तालीम करणाऱ्या हौशी संघांमुळे, शाळांच्या संमेलनांमुळे, एकांकिकांमुळे. नव्या दिव्यांचा आणि नव्या खुर्च्यांचा खर्च त्यांच्याकडून वसूल करायला गेलं, तर देखणी इमारत मिळेल आणि तिच्यात उभं राहायला कोल्हापूरची पोरं नसतील. हौशी संघांसाठी वेगळे, परवडणारे दर लेखी ठरले पाहिजेत. शाहू महाराजांच्या थिएटरात याहून वेगळं काही शोभणार नाही.

तिसरं, रंगपट. प्रेक्षकांना दिसत नाही म्हणून तिथे नेहमी काटकसर होते. स्त्री कलाकारांसाठी स्वच्छ, कडी लागणारी खोली आणि स्वच्छतागृह, एवढी साधी गोष्ट आपल्याकडच्या कितीतरी नामांकित नाट्यगृहांत आजही धड नाही. ज्या रंगमंचावर कधीकाळी बायकांची कामं पुरुष करत, तिथे आज बाई सन्मानाने तयार होऊ शकली पाहिजे.

चौथं म्हणजे मैदानाशी असलेलं नातं. खासबागचा खुला रंगमंचही तितक्याच आस्थेने उभा राहावा. दोन वास्तूंचा विचार दोन वेगळ्या फायलींत झाला तर मूळ कल्पनाच हातची जाईल.

बाहेरगावाहून येतोय. आसपास आणखी काय पाहता येईल?

खासबाग मैदान. जवळच गायन समाज देवल क्लब, जुनी संगीत संस्था. कसबा बावड्याला लक्ष्मी विलास पॅलेस, शाहू महाराजांचं जन्मस्थळ. संध्याकाळी खासबागेतली भेळ खायला विसरू नका. आणि नाटकाच्याच ओढीने आला असाल तर सांगली फार लांब नाही: विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ केलं ते गाव.

आमच्या घरी जुनी हस्तपत्रकं, तिकिटं, प्रयोगाचे फोटो आहेत. त्यांचा काही उपयोग आहे का?

फार मोठा उपयोग आहे. जुनं थिएटर आतून कसं होतं हे सांगणारे फोटो घराघरांत पडून आहेत. स्नेहसंमेलनाच्या फोटोत मागे दिसणारी झालर, बक्षीस समारंभात वर दिसणारी छताची कड, बाल्कनीचा कठडा, यांतून मापं आणि रचना काढता येतात. तुम्हांला तो बहिणीचा नाचाचा फोटो वाटतो, वास्तुरचनाकाराला त्यात लाकडी जोडकाम दिसतं.

काही साध्या गोष्टी पाळा. लॅमिनेशन करू नका, कागद त्यात कायमचा मरतो. सेलोटेप लावू नका. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाटकाचं नाव, संस्था आणि वर्ष लिहा, बॉलपेनने नको, कारण दाब पुढच्या बाजूला उमटतो. अल्बममधून ओढून काढू नका, अल्बमसकटच सपाट प्रकाशात मोबाइलने फोटो घ्या किंवा स्कॅन करा. मूळ प्रत स्वतःजवळ ठेवा, नक्कल शहरातल्या नाट्यसंस्थेकडे किंवा ग्रंथालयात द्या. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासमोर फोटो ठेवून, कोण कुठे उभं आहे, दार कुठल्या बाजूला होतं, ऑर्गन कुठे असायचा, हे विचारून त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नका.